मंगळवारची फी

रुग्णांकडून फी जमा करणे व नोकरांस पगार वाटणे, ही दोन्ही कर्तव्ये आमच्या सरकारी इस्पितळात माझ्याकडे होती. पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्टच्या आमच्या कोळीगावात मंगळवारी होड्या लोटत नाहीत. तो वार समुद्रदेवाच्या विश्रांतीचा. त्यामुळे गावातील यच्चयावत दुखणी मंगळवारीच इस्पितळात येत. परंतु फीचे सहा पेन्स मागताच प्रत्येक पुरुष रिकामे हात दाखवी.

एके दिवशी गोऱ्या डॉक्टरांनी मला बोलावले. "बेंत्सिल, महिनाअखेर फी पाच पौंड भरली नाही, तर एक पगार कमी होईल. म्हाताऱ्या क्वान्साला काढावं लागेल."

क्वान्सा वीस वर्षे रुग्णांची अंगे पुसत आले होते. मी व्यथित झालो. परंतु फी रुग्णानेच द्यावी, असा नियम होता, आणि मी नियमास देववाक्य मानणारा मनुष्य.

जेवताना केंकीच्या, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उकडलेल्या गोळ्यावरचे पान सोलीत माझी पत्नी एसी म्हणाली, "पुरुषांकडे पैसे मागता? तुमच्या खिशात तरी असतात का कधी? मासे नवरा आणतो, पण विकतं कोण?"

हे वाक्य माझ्या अंतःकरणात रुतले. महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी थकबाकीची वही घेऊन मी किनाऱ्यावर, जेथे स्त्रिया माशांना धुरी देतात, तेथे गेलो.

वहीतली आपल्या नवऱ्याची नोंद ऐकून कोळणींची पुढारी मान्सा म्हणाली, "नवऱ्याच्या एका पायाचे सहा पेन्स? कारकूनभाऊ, तेवढ्यात अख्खा नवरा घेऊन जा."

सगळ्या हसल्या.

"मावशी, पाय बरा झाला नाही तर जाळं कोण ओढणार?"

तिने कमरेची गाठ सोडली. "मागचेही घे. पण पावतीवर नाव माझं घाल. पैसे माझे अन् नाव त्याचं, हे नाही चालायचं."

नियम बाजूला ठेवून मी तसे लिहिले. मग प्रत्येकीलाच आपल्या नावाची पावती हवी झाली. दुपारपर्यंत पावतीपुस्तक संपले.

पाच पौंड तीन शिलिंग मोजून व पावत्यांवरची नावे वाचून डॉक्टरांनी विचारले, "इतक्या बायका आजारी?"

"आजारी पुरुषच, साहेब. खजिनदार त्या."

डॉक्टरांनी भिंतीवर लावलेल्या फीच्या नियमाकडे एकदा पाहिले. मग त्यांनी पगारपत्रकावर सही केली.

पगाराच्या दिवशी क्वान्सांनी अंगठा उमटवला व नाणी घेतली. पायरीवर त्यांची पत्नी तळहात पसरून बसली होती. त्यांनी न मोजता सर्व नाणी त्यात ठेवली व माझ्याकडे पाहून हसले.

मीही हसलो. माझा पगार सकाळीच एसीकडे पोहोचला होता.