कुंपण पुरेसं नव्हतं

मी एक डुकरीण बोलतेय. नाक मुरडू नका. ही सगळी गोष्ट माझ्या नाकाची आहे, तुमचं त्यात मध्ये आणायची गरज नाही.

माझा जन्म अमेरिकेत, न्यू इंग्लंडातल्या सॉल्टमार्श गावात झाला. खाडीच्या अलीकडे इंग्रजांची घरं, पलीकडे इथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांची वस्ती. माझी आजी इंग्रजांबरोबर जहाजातून आली होती. आई सांगायची की वाटेत माणसं ओकून ओकून अर्धी झाली, आणि आजी त्यांचं उरलंसुरलं खाऊन उतरताना चांगली गुबगुबीत झाली होती. आमच्या घराण्याला या देशाचं पाणी पहिल्या दिवसापासून मानवलं.

माझा मालक ओबडाया थ्रप. मोठा देवभीरू माणूस. जेवणाआधी इतकी लांब प्रार्थना करायचा की रस्सा गार होऊन त्यावर चरबीची साय धरायची. माझं दूध तुटलं तसं त्यानं मला मांडीखाली दाबलं आणि डाव्या कानाला चौकोनी खाच पाडली. ती त्याची खूण. मग फाटक उघडलं आणि मला रानात सोडून दिलं.

"देवाची भूमी आहे," तो बायकोला म्हणाला. "देव पोसेल."

बायकोचं नाव थँकफुल, म्हणजे कृतज्ञ. त्या लोकांत अशी नावं ठेवायची रीत होती. नावाप्रमाणे वागायची सक्ती नसे, पण ही वागायची. ती चुलीशी बसल्या बसल्या म्हणाली, "अहो, देव पोसेल म्हणजे नक्की कुणाच्या ताटातून?"

"तुला शास्त्रातलं कळत नाही," ओबडाया म्हणाला. तो विषय तिथंच संपला. त्या घरात विषय असेच संपत.

देवानं मला अस्कूनाच्या शेतातून पोसलं.

अस्कूना पलीकडच्या वस्तीतली. तिकडे शेतं बायकांची असतात. तिच्या शेतात मातीचे छोटे छोटे उंचवटे, प्रत्येकावर मका, मक्याला बिलगून घेवड्याचे वेल, आणि खाली भोपळ्याची पानं पसरलेली. आमच्या जातीचं कुणी स्वर्ग आखायला बसलं असतं तर त्याला याहून वेगळं काही सुचलं नसतं. मी मका खाल्ला, भोपळे फोडले. भरती उतरल्यावर चिखल उकरून शिंपल्यातल्या तिसऱ्या खाल्ल्या; त्यावर त्या वस्तीतली म्हातारी माणसं गुजराण करायची, हे मला नंतर कळलं. पण सगळ्यात मोठा शोध पेवांचा. हिवाळ्यासाठी जमिनीत पुरून, वर चटई आणि माती घालून ठेवलेला मका! माणसांना वाटतं पुरलं की लपलं. माझ्या नाकाला तसं वाटत नाही.

अस्कूना तक्रार घेऊन आली तेव्हा मी अंगणातच लोळत होते. तिनं कुरतडलेल्या कणसांची टोपली ओबडायापुढे उलटी केली.

"ओबडायाभाऊ, तुझी डुकरीण माझं शेत खाऊन आली."

"माझीच कशावरून?"

"तिचा कान बघ."

ओबडायानं कान बघितला. स्वतःच्या हातचं काम होतं, नाही म्हणता येईना. "बरं, माझी. पण तुझ्या शेताला कुंपण कुठंय?"

"कुंपण कशाला? मका कुठं पळून जात नाही."

"डुकरं आत येऊ नयेत म्हणून."

"मग डुकराला कुंपण घाल की. चालणारं ते आहे."

थँकफुल दारात उभी होती. तिनं हाताआड हसू दाबलेलं मला दिसलं. तिची आणि अस्कूनाची जुनी ओळख. थँकफुल या देशात नवी असताना पहिल्याच हिवाळ्यात अंथरुणाला खिळली, तेव्हा अस्कूनानं मक्याची पेज करून तिला चमच्यानं भरवली होती. एकमेकींची भाषा त्यांना अर्धीमुर्धी यायची. उरलेलं त्या हातवाऱ्यांनी भागवायच्या.

ओबडायाला उत्तर सुचलं नाही, म्हणून त्यानं प्रश्न गावसभेत नेला. उत्तर सुचत नसलं की माणसं सभा भरवतात. सभेनं ठरवलं की डुकरं मोकळी फिरणार, कारण ती पूर्वीपासून मोकळी फिरतात. आणि शेतं वाम्पानोआगांनी कुंपणात ठेवावीत. तीही पूर्वीपासून उघडीच होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

अस्कूनानं कुंपण घातलं. तिचा भाऊ पॉनसेट मदतीला. रुंद खांद्याचा, चटकन तापणारा माणूस. दोघांनी ऐन मासेमारीचे दिवस घालवून ओंडके फोडले, खांब पुरले. मला कुंपणाशी काही वैर नव्हतं. आतून वास येत होता, एवढंच. खालची माती मऊ होती.

मला पॉनसेटनं शेतातच धरलं आणि कुऱ्हाड उचलली. "ताई, बाजूला हो."

"मारू नको."

"पेव रिकामं केलंय हिनं!"

"तू हिला मारलंस की उद्या ते बंदुका घेऊन येतील. एका डुकरासाठी तुला घालवू?" तिनं माझ्या गळ्यात दोर बांधला. "त्यांच्याच कायद्यानं जाऊ. कोंडवाड्यात नेऊन बांधू आणि भरपाई मागू."

भरपाई ठरवायला गावानं पंच नेमले. त्यांचा म्होरक्या डीकन हेझेकाया पिम. डीकन म्हणजे चर्चचा कारभारी. हा तर हसण्याचाही जमाखर्च ठेवणारा. पंच शेतात गेले, खांब हलवून पाहिले, मी पाडलेलं भगदाड वाकून पाहिलं आणि परत येऊन निकाल दिला: कुंपण पुरेसं नव्हतं.

"पुरेसं नव्हतं कशावरून?" अस्कूनानं विचारलं.

"डुक्कर आत शिरलं यावरूनच," पिम म्हणाला.

अस्कूनानं बोटांवर हिशेब मांडला. "म्हणजे डुक्कर शिरलं नाही तर नुकसान नाही, आणि शिरलं तर कुंपण वाईट. मग भरपाई मिळते कधी?"

"कुंपण उत्तम असून डुक्कर आत शिरेल त्या दिवशी," पिमनं गंभीरपणे सांगितलं. त्याला न्याय केल्यासारखं वाटत होतं. चेहऱ्यावर समाधान दिसत होतं.

तो हिवाळा वाईट गेला. माझा नाही, त्यांचा. पेवं रिकामी होती. अस्कूनाची आई आधीच थकलेली, ती आपल्या वाट्याचं नातवंडांना देत राहिली आणि बर्फ वितळायच्या आत गेली. थँकफुल पिठाची पिशवी घेऊन गोठलेल्या खाडीवरून पलीकडे गेली. अस्कूनानं दारावरची चटई बाजूला सारली नाही. थँकफुलनं पिशवी दाराशी ठेवली आणि रिकाम्या हातांनी परत आली. घरी ती एवढंच म्हणाली, "अहो, डुकरं बांधून ठेवू या ना."

"बांधली तर खायला कोण घालणार?" ओबडाया म्हणाला. आणि हे मात्र खरं होतं.

पुढं पॉनसेटनं वेगळीच वाट धरली. नदीतल्या बीव्हर प्राण्याची कातडी देऊन त्यानं इंग्रजांकडून पिल्लं घेतली आणि डुकरं पाळायला लागला. म्हणाला, "यांना आमचं जगणं बंद करायचंय ना? मग यांचं जगणं आपण शिकू." शिकला तोही असा की बंदरातल्या जहाजवाल्यांना त्याचंच मांस आवडायला लागलं. त्याची डुकरं ओकच्या झाडाखालची फळं खाऊन वाढलेली, ओबडायाची उष्ट्यावर आणि चोरीवर. ओबडायाची खारवलेल्या मांसाची पिंपं धक्क्यावर तशीच पडून राहिली.

लगेच सभा भरली. डुकरं मोकाट फिरतात, ही मोठी गंभीर बाब असल्याचं आता सगळ्यांच्या ध्यानात आलं. "पॉनसेट, तुझी डुकरं आवर," ओबडाया भर रस्त्यात ओरडला. "लोकांच्या शेतात शिरतात!" पॉनसेट इतका हसला की त्याला वाटेवरच बसावं लागलं.

सभेनं आणखी एक नियम केला. वाम्पानोआगांनी डुकरांच्या कानाला खूण करायची नाही. खूण इंग्रजांचीच. पॉनसेटनं हसणं थांबवून नियम पाळला, आणि त्याची डुकरं पूर्ण कानांची राहिली. मग शरदात ओबडायाला रानात पूर्ण कानांची डुकरं दिसली. बिनखुणेची, म्हणजे बेवारशी. बेवारशी, म्हणजे देवानं धाडलेली. त्यानं चाकू काढला.

मी जवळच फळं हुंगत होते. ओबडायानं एक पिल्लू दाबून धरलं होतं, बंदूक काखेत. झाडांतून पॉनसेट आला.

"सोड त्याला. माझं आहे."

"खूण दाखव."

"खूण करू दिलीत का तुम्ही?"

"मग तुझं कसं?"

पॉनसेटनं पिल्लाचा मागचा पाय धरला. ओबडाया पुढचे दोन धरून ओढू लागला. देवाची शपथ, ते पिल्लू माझ्याच नात्यातलं होतं, आणि किंचाळण्यात आमच्यातलं कुणी कमी नाही. त्या गोंधळात काखेतली बंदूक खाली आली आणि उडाली. किंचाळणं थांबलं तेव्हा पॉनसेट पाचोळ्यात पडला होता, आणि ओबडाया दोन्ही हातांनी अजून पिल्लूच धरून उभा होता. त्याचे ओठ हलत होते, पण या खेपेला प्रार्थना फार लांबली नाही.

पंच बसले. ओबडायानं मारायचं म्हणून मारलं नव्हतं, हे त्यांना पटलं, मलाही पटतं. त्यांनी बंदुकीला दोषी ठरवलं आणि ती जप्त केली. अस्कूना निकाल ऐकायला आली होती. या वेळी तिनं काही विचारलं नाही. ती उठून गेली, आणि त्यानंतर पलीकडच्या वस्तीतून सॉल्टमार्शला कुणी बोलायला आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात लढाई पेटली. सगळी काही माझ्यामुळं पेटली असं मी म्हणत नाही; एवढी मोठी मी नाही. कुठं जमिनीवरून, कुठं दारूवरून, कुठं कुणाला फाशी दिलं त्यावरून, प्रत्येक गावात आपापलं लाकूड वाळत पडलं होतं. आमच्या गावाला दिवसाउजेडी आग लागली. पलीकडून चालून आलेल्या लोकांनी घरांच्या आधी गोठे आणि डुकरांची खोपटी जाळली. इंग्रजांना हे रानटीपणाचं लक्षण वाटलं. मला मात्र त्यात बराच विचार दिसला. मी दलदलीत पळाले, म्हणून वाचले.

वर्षभरात अस्कूनाचे लोक उपासमारीनं टेकीला आले. जिवाला धोका नाही, असं वचन मिळालं म्हणून ते शरण आले. वचन पाळलं गेलं. कुणाला मारलं नाही. जहाजात भरून दूरच्या बेटांवर गुलाम म्हणून विकायला पाठवलं.

त्या सकाळी मी धक्क्यावर माशांची आतडी शोधत होते. बायकांची रांग दोरानं बांधलेली. थँकफुल शिपायांना ढकलत पुढं आली आणि अंगावरची लोकरी शाल अस्कूनाच्या खांद्यावर टाकली.

"अस्कूना, मी यांना सांगितलं होतं गं. पहिल्यापासून सांगत होते."

"माहीत आहे," अस्कूना म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "तू नेहमी घरात सांगायचीस."

शिपायानं दोर ओढला. शाल खांद्यावरून घसरली, आणि हात बांधलेले असल्यामुळं तिला ती सावरता आली नाही. थँकफुलनं ती पुन्हा घातली, गाठ मारली. जहाज दिसेनासं झालं तरी ती तिथंच उभी होती.

पानगळीत गावानं उपासाचा दिवस पाळला. देवानं ही लढाई आपल्यावर का धाडली, याची कारणं शोधायची होती. नव्यानं बांधलेल्या चर्चच्या भिंतीला टेकून मी ऊन खात होते, खिडकी उघडी होती. पाद्रीबाबांनी कारणं सांगितली. तरुण पोरं केस लांब वाढवतात. काही पुरुष टोप घालतात, तेही दुसऱ्याच्या केसांचे. बायका रेशमी फिती लावतात. प्रवचनात लोक डुलक्या घेतात. प्रत्येक कारणाला आतून उसासे येत होते. डीकन पिमचा उसासा मला ओळखू आला.

मग आतून बाईचा आवाज आला. त्या चर्चमध्ये बाईनं बोलायची पद्धत नव्हती, म्हणून आधी मला वाटलं की कानांना भास झाला.

"डुकरं," थँकफुल म्हणाली.

बाकांवर माना वळल्या. "काय?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"डुकरं. आपली डुकरं त्यांचं धान्य खात होती आणि आपण कुंपणं मोजत होतो. अस्कूनाची आई उपाशी गेली. पॉनसेट एका पिल्लापायी गेला. केसांचं काय घेऊन बसलात?"

तिला चौकातल्या लाकडी खोड्यात अडकवलं. पाय फळीत, चिखलात बैठक, येणारे-जाणारे बघतात. पोरांनी सडकी सफरचंदं मारली. ओबडाया खाली मान घालून आला आणि तिच्याशेजारी उकिडवा बसला.

"एवढ्या लोकांत बोलायची काय गरज होती?" तो कुजबुजला. "घरात बोललीस तर मी ऐकून घेतो ना."

"घरात बोलूनच तर इथवर आलो," ती म्हणाली.

तो उठला. मग शेताकडे निघून गेला. खाडीपलीकडचं अस्कूनाचं शेत आता त्याच्या नावावर आहे. तिथं तो दगडी कुंपण घालतोय: छातीएवढं उंच, पाया खोल, खालून नख शिरणार नाही असं. मी चारी बाजूंनी हुंगून पाहिलं. उत्तम काम आहे.

थँकफुलजवळ पडलेली सफरचंदं खायला मी गेले. तिनं मला ओळखलं. माझं डोकं खाजवलं आणि म्हणाली, "ये. खा. तुझ्यावर माझा राग नाही गं. तू काय, भुकेली होतीस."

आता थंडी पडायला लागली आहे. मीठ आलंय, पिंपं धुऊन उन्हात ठेवली आहेत, आणि ओबडाया माझ्याकडे जरा जास्तच प्रेमानं बघतो. तेव्हा निरोप घ्यायची वेळ झाली. माझं मागणं फार मोठं नाही. उद्या तुमच्याकडे कुठं भांडण पेटलं आणि शहाणी माणसं कारणं शोधायला बसली, तर त्यांना बोलू द्या, मोठी मोठी कारणं सांगू द्या. फक्त तुमच्यातल्या कुणीतरी एकानं तेवढ्यात बाहेर जाऊन बघून यावं की कुणाचं जनावर कुणाच्या शेतात चरतंय. आणि परत येऊन ते मोठ्यानं सांगावं.