अर्धं धुणं फुकट

पंच्याऐंशी साली पोलादपूरच्या बौद्धवाडीत सोनाबाईने घरीच धुण्याची पावडर करायला घेतली, तेव्हा मी समोरच उभा होतो. सोडा, फेस आणणारी स्लरी आणि चिमूटभर निळा रंग. पहिल्या दिवशी फेस इतका आला की वाऱ्याने तो थेट आंबेनळी घाटात नेला आणि महाबळेश्वरला निघालेल्या लोकांनी धुकं समजून स्वेटर चढवले. आमच्या बायकोला हे पटत नाही, पण ती तेव्हा माहेरी होती.

सोनाबाईचा नवरा भागोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या कारखान्यात कामाला. त्याने साहेबाच्या मागे लागून बायकोसाठीही पॅकिंगमध्ये जागा धरली. सोमवारपासून पहिली पाळी. सोनाबाईला ते नको होतं. मनात आलं की पिशवी खांद्याला लावावी, चार घरं करावीत, पाचव्या घरी चहा प्यावा, सहाव्या घरचं भांडण ऐकावं आणि कंटाळा आला की घरी येऊन पाय पसरावेत, यात तिचा जीव रमला होता. भोंग्यावर उठबस करणं तिला जमणारं नव्हतं.

शेवटी पैज ठरली. पडवीतलं पावडरीचं पिंप रविवार संध्याकाळपर्यंत विकून संपलं तर नोकरी नाही. मूठभर जरी उरली, तरी सोमवारी कंपनीच्या बसमध्ये बसायचं.

विकायची तिची रीत जगावेगळी. दारात बसून कपडा फुकट धुऊन दाखवायची, पण अर्धाच. शाळेतल्या विनोदिनीबाईंच्या मुलाच्या शर्टाची एक बाही तिने बगळ्यासारखी केली आणि हात पुसले. बाईंनी विचारलं, दुसरी बाही? सोनाबाई म्हणाली, "ती पुड्यात हाय, बाई."

आठवडाभर गावात एका बाहीचे लोक फिरत होते. वाडीतल्या मुरारीचा ट्रक तर तिने एकाच अंगाने धुतला. घाटातल्या चहावाल्याला जाताना जुना ट्रक दिसला, येताना कोरा दिसला. त्याने दोन ड्रायव्हर समजून दोन चहा ओतले. मुरारीने दोन्ही प्यायले आणि खाली उतरून सहा पुडे नेले.

शनिवारी पिंपाचा तळ दिसायला लागला तसा भागोजी घाबरला. त्याने हळूच मूठभर पावडर आपल्या तंबाखूच्या डबीत भरून ठेवली. सोनाबाईने ते पाहिलं. तो दुपारी झोपला तेव्हा तिने फक्त त्याच्या कामाच्या शर्टाची उजवी बाही धुतली.

रविवारी जादा पाळीला कारखान्यात साहेबाने त्या शर्टाकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाला, उद्या दोन्ही बाह्या एका रंगाच्या नसतील तर गेटच्या आत यायचं नाही.

संध्याकाळी वाडीतली माणसं पिंपाभोवती जमली. पिंप लख्ख रिकामं. भागोजीने खिशातून डबी काढली.

"ही बघ गो. मूठभर राहिली. उद्या बसमधी बस."

सोनाबाईने डबीकडे पाहिलं, मग त्याच्या डाव्या बाहीकडे. कारखान्याचा रंग तिच्या पावडरीशिवाय कशानेच निघत नाही, हे तोच महिनाभर बसमध्ये कौतुकाने सांगत होता.

"राहिली खरी," ती म्हणाली. "पोलादपुरात आता येवढीच हाय. उद्या तुमी काय घालून जाणार?"

भागोजीने डबी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग म्हणाला, घरच्या माणसाला तरी फुकट दे.

"अर्धं फुकट झालं ना. उरलेल्या अर्ध्याला गिऱ्हाईक लागतं."

भागोजीने पैसे तिच्या हातावर ठेवले आणि विहिरीवर जाऊन सगळ्या वाडीदेखत स्वतः बाही घासली. फेस असा उसळला की शेजारच्या येसूबाईची कोंबडी त्यात हरवली, ती बुधवारी पांढरीशुभ्र होऊन परत आली. आधी ती काळी होती.

सोमवारी पहाटे कंपनीची बस वाडीखाली येऊन भोंगा वाजवून गेली. भागोजी दोन्ही पांढऱ्या बाह्यांनी खिडकीत बसला होता, शेजारच्या रिकाम्या जागेवर डबा ठेवून. सोनाबाई आपल्या मर्जीने घोरत होती.