कडुनिंबाखाली अडकलेला चांद्या

मित्रांनो, मी एक जुना कटर आहे. पडलेली झाडं कापणारा, पेट्रोल पिणारा आणि दोरी ओढली की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडणारा. आता सुकलालभाऊच्या पडवीत, रिकाम्या खताच्या गोणीवर पडून असतो.

सुकलालभाऊने मला जळगावहून आणलं, तेव्हा तो मोटारसायकल चालवत होता, मागे रेशमावहिनी होती आणि तिच्या मांडीवर मी. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. उन्हाळ्याच्या शेवटी इथे वादळ आलं, की केळीच्या बागा आडव्या होतात. तिथे माझं काही चालत नाही, केळीच्या खोडाचा चिवट धागा, वाख, दातांत गुंततो आणि माझा घसा बसतो. पण रस्त्यावर बाभूळ पडली, की सगळे सुकलालभाऊला हाक मारत. रस्ता मोकळा झाला, की एसटीचा ड्रायव्हर हात हलवून पुढे जाई. त्या वेळी मी फार ऐटीत असे, खोटं कशाला बोलू!

मागच्या वर्षी दुपारी असंच वादळ आलं आणि लीलाधर नानांच्या गोठ्यावर अंगणातला कडुनिंब कोसळला. एक बैल दावं तोडून निसटला. दुसरा, चांद्या, खोडाखाली अडकला. तो जिवंत होता. त्याचं डोकं मांडीवर घेऊन नाना चिखलात बसले होते.

“मना चांद्याले वाचाड रे, सुकलाल!” नाना म्हणाले.

सुकलालभाऊने दोरी ओढली. सकाळीच त्याने कानस घेऊन माझा एकेक दात घासला होता. खोड लोण्यासारखं कापलं जात होतं. चांद्या माझ्या आवाजाला बिचकत होता आणि नाना त्याच्या कानाशी सारखं म्हणत होते, “धीर धर रे पोऱ्या, धीर धर.” थोडंच उरलं होतं. इतक्यात ठिणगी उडाली, खाडकन आवाज झाला आणि माझी दातांची चेन तुटली.

दुसरी चेन चोपड्याला मिळाली असती, पण रस्ताभर झाडं पडली होती. माणसांनी कुऱ्हाडी घेतल्या, जीव तोडून घाव घातले. खोड बाजूला सरकलं, तोवर चांद्या गेला होता.

मग सुकलालभाऊने वाकून कापलेली जागा पाहिली. लाकडाच्या पोटात एक जाड खिळा होता. वर्षांमागून वर्षं साल वाढत गेली आणि तिने तो गिळून टाकला होता. तो कोणाचा, हे गावात कोणालाही सांगता आलं असतं. दर पोळ्याला नाना हौसेने त्या कडुनिंबाला खिळा ठोकत आणि चांद्याची झूल, घुंगरमाळ त्यावर टांगत.

“सुकलाल, मशीन कसं काय थांबी गयं रे?” नानांनी विचारलं.

सुकलालभाऊने त्या जागेवर पाय ठेवला. “मशीनच खराब शे, नाना. चेन जुनी व्हई जायेल व्हती.”

मला राग आला. माझी चेन त्याच हंगामात घातलेली होती! पण मग मी नानांकडे पाहिलं. ते अजून चांद्याच्या कानामागे खाजवत होते. माझा राग तिथेच विरला.

तेव्हापासून आम्हाला कोणी बोलावत नाही. वादळ झालं, की दुसऱ्या गावाचं मशीन येतं. सुकलालभाऊ आता लोकांच्या केळी कापायला मजुरीने जातो. त्याने घरात रेशमावहिनीलाही खरं सांगितलेलं नाही. परवा नाना पडवीत आले होते. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. ते मला फार लागलं.

मित्रांनो, झाडाला काही टांगायचं असेल, तर सुतळीने बांधा. खिळा ठोकू नका. झाड तो पोटात ठेवून घेतं आणि कोणाला सांगत नाही.

आणि कधी आमच्या गावात आलात, नाना भेटले, तर त्यांच्याजवळ बसा, चांद्याच्या गोष्टी ऐका. खिळ्याचं मात्र बोलू नका. त्यांनी विचारलंच, तर सांगा की सुकलालचं मशीन खराब होतं.