अक्काचा श्वास

अक्काची हाळी आधी ऐकू यायची आणि मग अक्का दिसायची. पासली गावाच्या वरच्या अंगाला, सहा घरांच्या आमच्या धनगरवाड्यावर, कार्तिकातली कोवळी उन्हं कारवीवरून ओघळत असताना ती पलीकडच्या पठारावर उभी राहून शेरडांना साद घालायची. तो दीर्घ, अखंड स्वर दरी ओलांडून यायचा आणि इतका वेळ टिकायचा की लहानपणी मी तो ऐकताना माझा श्वास रोखून धरायचो आणि दरवेळी हरायचो.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, ही थोरली बहीण एकोणीसची. तिनं मला वाढवलं आणि स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की ती शेरडं मोजायला उठून जायची. मी शिकलो, पुण्यात नोकरीला लागलो, आणि महामार्गालगत नसरापूरला फ्लॅट घ्यायचा ठरवला तेव्हा डोंगरावरची आमची जागा फार्महाऊससाठी मागितली गेली. खरेदीखतावर अंगठा उठवताना अक्का हसून म्हणाली, "घे बाबा. म्या एकटी हितं काय हवा खाऊन ऱ्हानार हाय?"

शेजारच्यांनीही विकलं. वाडा उठला आणि अक्का माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आली.

आमच्याकडे हिवाळा धुक्याने येत नाही, धुराने येतो. दिवाळी सरली की वीटभट्ट्या पेटतात, उसाचं पाचट जळतं, मागच्या टेकडीवरची खडीची यंत्रं दिवसभर दळत राहतात. आणि महामार्गावरून पुण्याकडे धावणारी आमची हजारो वाहनं त्या साऱ्यावर आपला करडा हात फिरवतात. राखेत पुरलेला निखारा कुणी उकरून काढावा तसा सूर्य उगवतो. अक्का ओलं फडकं घेऊन खिडकीची चौकट पुसायची आणि तासाभराने पुन्हा पुसायची.

"कुठनं येती रं एवढी धूळ?" तिनं एकदा विचारलं.

"मागचा डोंगर फोडतायत, अक्का."

फडक्यावरचा करडा डाग तिनं बोटांनी चोळून पाहिला. "मंग ही धूळ न्हाई," ती हळूच म्हणाली. "डोंगरच हाय की."

पहिल्या हिवाळ्यात खोकला आला, दुसऱ्यात तो गेलाच नाही. जिना चढताना ती प्रत्येक वळणावर थांबायची, कठडा धरून, कुणीतरी मागून येतंय म्हणून वाट बघत असल्यासारखी. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला. "औषधं देतो. पण डोंगरात कुठे गाव असेल तर थंडीचे चार महिने यांना तिकडे ठेवा. यांना स्वच्छ हवा हवी."

उत्तर अक्कानेच दिलं.

"व्हतं की, डाक्टर."

त्या रविवारी मी तिला गाडीत घालून वर नेलं. मालकाला विनंती करू, एखादी खोली मिळते का पाहू, असं मनात होतं. आमच्या अंगणाच्या जागी लोखंडी फाटक होतं आणि फाटकाशी रखवालदार म्हणून आमच्याच वाड्यावरचा धोंडिबा. त्याने अक्काच्या पायाला हात लावला, पण कुलूप काढलं नाही. "दादा, बुकिंग हाय," तो ओशाळून म्हणाला. "होळीपतुर एक रविवार मोकळा न्हाई. मालक खोली द्येनार न्हाईत. पुन्याची मान्सं हवा बदलाय येत्यात."

अक्का फाटकाची जाळी धरून उभी राहिली. तहानलेलं जनावर पाण्याला तोंड लावतं तशी, डोळे मिटून, ती सावकाश श्वास घेत होती. आत मोबाईल उंच धरलेली एक मुलगी लाडीगोडीने म्हणाली, "आजी, जरा बाजूला व्हाल? फोटोत येताय."

अक्का बाजूला झाली.

उतरताना मी म्हणालो, "दुसरीकडं कुठंतरी खोली बघतो." ती म्हणाली, "आपलं दार सोडून कुणाच्या दारात ठिवतोस मला? ऱ्हाऊ दे." मग पुढच्या वळणावर, अगदी निर्मळ मनानं, "ती पोरगी फिकी दिसत व्हती रं. ऱ्हाईल चार दिस तर लई बरं वाटंल तिला हितं." तिनं मला दोष दिला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

माघात ती गेली. दाखल्यावर वय लिहिलं, आजार लिहिला. हवेचा रकाना त्यात नव्हता, आणि तिनं माझ्यासाठी उठवलेल्या अंगठ्याचा तर नव्हताच.

आषाढात भट्ट्या विझतात, यंत्रं थांबतात. पाण्याने निथळलेली डोंगररांग खिडकीत येऊन उभी राहते आणि शेजारी कौतुकाने म्हणतात, काय हवा आहे आपल्याकडे! उरलेल्या आठ महिन्यांत तिच्या नसण्याची मला सवय होत आली आहे, कारण तेव्हा आम्ही सगळेच थोडेथोडे गुदमरत असतो. पण पावसाळ्याच्या या चार महिन्यांत छातीभर हवा विनासायास आत येते, आणि ती घेताना मला दर वेळी चोरी केल्यासारखं वाटतं.