दिवसा आडवी झालेली बाज

दिवसा भिंतीला उभी आणि दिवेलागणीनंतर आडवी, असं आयुष्य काढलं मी. मी बाज बोलतेय, पिंपळे गुरवातल्या मंजुळाबाईच्या घरची. आता माझा दोर जुना झालाय, एक खूर, म्हणजे पाय, हलतो आणि बोलताना करकर होते. म्हणून जरा हळूच बोलते.

मंजुळाबाई लग्न होऊन या घरात आली, त्याच उन्हाळ्यात आबाजी सुतारानं मला घडवलं. खूर बाभळीचे. दोर मात्र तिच्या नवऱ्यानं, कोंडाजीनं, स्वतः अंबाडीचा वळला. मधे झोळी झाली की तो पायथ्याकडून ओढून मला आवळायचा आणि मी कुरकुरले की म्हणायचा, "गप बस. रातच्याला पाठ सरळ ऱ्हायला पायजेल."

माणूस कसा जगतो ते त्याच्या झोपण्यावरून कळतं, आणि या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालू नये. कोंडाजी पाय धुतल्याशिवाय माझ्यावर कधी बसला नाही. मग आढ्याकडे बघत मोठ्यानं बोलायचा. बैल लंगडतोय, विहिरीचं पाणी खाली गेलंय, मेव्हणा रुसलाय. सगळं बोलून झालं की "उद्याचं उद्या बघू" म्हणून कुशीवर वळायचा. त्याच्या काळज्या काही कमी नव्हत्या, पण त्या माझ्यावर झोपायला येत नसत.

मंजुळाबाई उजाडलं की आधी मला उभी करायची, मग झाडलोट. तिच्या माहेरची शिकवणच तशी. दिवसा बाज आडवी दिसली तर घरात बाळंतीण असावी, नाहीतर आजारी. दोन्ही नसेल, तर आळशी. ती स्वतः जमिनीवर घोंगडी टाकून झोपायची. माझ्यावर तिनं पाठ टेकली ती लेकाच्या, सयाजीच्या बाळंतपणात, तेवढीच.

पुढं कोंडाजी गेला. सयाजी हाताशी आला, आणि त्याच सुमारास पिंपरीच्या बाजूला कारखाने उभे राहू लागले. एका कारखान्यात तो यंत्रावर लागला. "कंपनीत हाय आमचा," असं सांगताना मंजुळाबाई पदर सारखा करायची. पण कंपनीचा भोंगा रात्रीही वाजतो, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

सयाजीला रातपाळी लागली. पहिल्याच सकाळी तो सायकलवरून आला, डोळे लालभडक, आणि त्यानं मला भिंतीपासून खाली ओढलं. मंजुळाबाई शेणाच्या हातांनी धावत आली.

"उन्हं अंगावर आली आन् तू लोळतुयास व्हय? शेजारची सोजराबाई बघंल, गावभर करंल. लगीन व्हायचंय तुजं!"

"आये, रातभर उभा हाय गं मी."

"मंग? तुजा बाप कवा दिसाचा आडवा झाल्ता का?"

बाप रात्री झोपत होता, हे त्या वेळी दोघांनाही सुचलं नाही. मला सुचलं होतं, पण बाजेला विचारतंय कोण!

मी पुन्हा भिंतीला लागले आणि सयाजी शेतावर गेला. मग तेच सुरू झालं. रात्री यंत्र, सकाळी मोट, दुपारी माझ्या खुराला टेकून बसल्या बसल्या पेंगायचं. हा पोरगा सायकल पुसतानासुद्धा शीळ घालायचा. ती शीळ बंद झाली. भाकरी अर्धी टाकू लागला, दारातल्या कुत्र्याला लाथ मारली, एकदा आईवर असा खेकसला की ती जात्यापाशी जाऊन बसली. तिला वाटलं, कंपनीतल्या लेकाला दृष्ट लागली. तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, लिंबू टाकलं, मारुतीला तेल घातलं. सगळं केलं, फक्त मला आडवी केली नाही.

एके सकाळी नदीकडच्या उतारावर सायकल चालवतानाच सयाजीचा डोळा लागला. शेजारच्या ज्योतीरामनं त्याला उचलून घरी आणलं. कपाळ फुटलं होतं, खांदा सुजला होता.

"मंजुळाकाकी, अलीकडच्या दगडावर पडला म्हनून वाचला," ज्योतीराम म्हणाला. "पल्याड डोह हाय."

मंजुळाबाईनं हातातलं काम टाकलं. तिनं मला आडवी केली. आजाऱ्यासाठी चालतं ना!

सयाजी झोपला तो दुपार कलली तरी उठेना. ती सारखी त्याच्या नाकापाशी बोट धरून बघायची. तिनं पांघरूण सारखं करायला हात लावला, तर त्यानं झोपेतच माझा दांडा घट्ट पकडला.

"आये, बाज उभी करू नगं. उठतु मी, उठतु."

आणि तो खरंच उठू लागला, डोळे मिटलेले असताना. मंजुळाबाईनं त्याचा धड खांदा दाबून त्याला परत निजवलं. "न्हाई रं करत," ती म्हणाली, आणि माझा दोर ओला झाला. फार रडली त्या दिवशी. मलाही वाईट वाटलं, कारण तिनं वाईट काहीच चिंतलं नव्हतं.

जखम भरली, रातपाळी पुन्हा आली. सकाळी सयाजी घरात शिरला तेव्हा मी आतल्या अंधाऱ्या खोलीत आडवी होते. खुराला पाय लावून तिनं स्वतः माझा दोर आवळला होता. खिडकीला ओलं गोणपाट, दारात पाण्याची बादली.

"बघतुयास काय? बापावानी पाय धू. डोक्यात काय असंल ते बोलून टाक आन् नीज."

मग उंबऱ्यात तांदूळ निवडत, कोंबड्या हाकलत राखण बसली. सोजराबाई आलीच.

"आत कोन आजारी हाय गं?"

"आजारी कुनी न्हाई. रातपाळी करून आलाय. आमच्यात आता दिसाबी निजत्यात!"

हे तिनं इतक्या तावातावानं सांगितलं की आत सयाजी जागा झाला. पण हसला आणि कुशीवर वळला. थोड्या दिवसांनी शीळही परत आली.

पुढं त्याचं लग्न झालं, लोखंडी पलंग आला, मी मागच्या पडवीत गेले. मंजुळाबाई मात्र दुसऱ्याची झोप राखायला शिकली, स्वतःची नाही. आज दुपारी मळणीवरून आली आणि कंबर धरून भिंतीला टेकली. सयाजीनं ते पाहिलं. त्यानं मला आडवी केली, दोर आवळला, घोंगडी टाकली.

"नीज, आये."

"मला काय झालंय?"

"काय न्हाई झालं. म्हनूनच नीज."

ती नको नको म्हणत राहिली, आणि म्हणता म्हणता झोपली. सयाजीच्या बाळंतपणानंतर आज पहिल्यांदा माझ्यावर. किती हलकी झालीय ती! मघाशी सोजराबाईनं कुंपणावरून विचारलंच, "कोन आजारी हाय रं?" उंबऱ्यात बसलेला सयाजी म्हणाला, "कुनी न्हाई, काकी. आये निजलीय."

तुमच्याही घरी कुणी असंच भिंतीला टेकून बसलं असेल, तर त्यानं अंथरूण धरायची वाट बघू नका. मी आता गप्प बसते. माझा खूर हलतो, तिला जाग यायला नको. जाताना तेवढं दार हळू लावा.