ज्या दिवशी माझी वाळू धुतली

मी एक जुना निळा ड्रम आहे. पूर्वी माझ्यात स्वयंपाकाचे तेल असे, आता वाळू आहे. मलावीच्या मोठ्या सरोवराकाठी, एका माध्यमिक शाळेच्या स्वयंपाकघरामागे मी उभा असतो. मित्रांनो, मी पाणी गाळतो. निदान त्यासाठी मला बनवले होते.

बनवले ते तावोंगा आणि सुझ्गो या वरच्या वर्गातल्या दोन मैत्रिणींनी. म्सिस्का सरांनी विज्ञानाचा प्रकल्प दिला होता : सरोवराचे पाणी पिण्याजोगे करून दाखवा. मुलींनी माझ्या तळाशी जाड खडी घातली, तिच्यावर बारीक खडी आणि वर हातभर चाळलेली वाळू. वाळूवर चार बोटे पाणी कायम राहील अशा बेताने बाहेर जाणारी नळी लावली. सुझ्गोने पहिले भोक चुकीच्या जागी पाडले.

"वा गं बाई! एका भोकातून पाणी जाणार, दुसऱ्यातून आपली अब्रू," तावोंगा म्हणाली. मग जुन्या चपलेचा तुकडा वितळवून तिने ते बुजवले.

सरांनी फळ्यावर लिहिले, 'तीन आठवडे थांबा.' कारणही सांगितले. तेवढ्या दिवसांत वाळूच्या माथ्यावर तपकिरी, बुळबुळीत थर धरतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि पाण्यातले रोगजंतू खातात. खरे काम तो थर करतो. मुलींनी वहीत 'तीन आठवडे' लिहून घेतले. कारण लिहायच्या आत घंटा झाली.

थर धरला आणि माझी धार बारीक झाली. शाळेत मक्याच्या पिठाची न्सिमा शिजवणाऱ्या बाईंची पाच वर्षांची मुलगी वेझी दुपारी माझ्याखाली पत्र्याचा मग धरून बसे.

"ए म्हाताऱ्या, झोपलास का? लवकर दे ना!" ती मला ढोसे.

वेझीचे पोट आता दुखत नाही, असे तिची आई सगळ्यांना सांगू लागली. ते ऐकून गावातल्या चार घरांनी माझ्यासारखेच ड्रम करून घेतले. तावोंगा घरोघर जाऊन वाळूची जाडी मोजून देई. ते माझे चांगले दिवस होते.

मग विज्ञान प्रदर्शनाचा दिवस ठरला. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटले की अंगण झाडून त्यावर झाडूच्या रेघा उमटवतात आणि भांडी काठावरच्या वाळूने घासून लख्ख करतात. सर त्या आठवड्यात एका मयतीसाठी म्झुझू शहरात गेले होते. आदल्या दिवशी तावोंगाने माझे झाकण उघडले.

"ईऽऽ! सुझ्गो, बघ हे! शेवाळ धरलंय नुसतं."

"पाहुण्यांनी पाहिलं तर म्हणतील, आयांनी पोरींना भांडी घासायलासुद्धा शिकवलं नाही."

दोघींनी माझी सगळी वाळू उपसली. सरोवरावर नेऊन, पाणी नितळ निघेपर्यंत चोळून चोळून धुतली आणि परत भरली. मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो.

"आता बघ कसं धो धो येतंय!" सुझ्गो म्हणाली.

पाणी काचेसारखे दिसत होते. आम्हाला पहिले बक्षीस मिळाले. दुसऱ्या दिवशी 'या प्रकल्पातून मी काय शिकले' या पानावर तावोंगाने लिहिले : मोजमाप, चाळणे, मिळून काम करणे, लोकांसमोर बोलणे, स्वच्छता. 'स्वच्छता' या शब्दाखाली तिने पट्टीने रेघ ओढली.

पावसाळा होता. त्याच आठवड्यात काठावरच्या वस्तीत कॉलरा शिरला. वेझी सकाळी माझे पाणी पिऊन खेळायला गेली होती. दोन दिवसांनी तिला सायकलवर बांधून दवाखान्यात नेले. संध्याकाळी तिला आईच्या नेसूच्या चितेंजे कापडात गुंडाळून परत आणले.

सर परतले. त्यांनी माझे झाकण उघडून वाळूवर बोट फिरवले. बोट स्वच्छ निघाले, नुसते ओले; बुळबुळीत काही लागले नाही.

"वाळू कोणी धुतली?"

"मी, सर," तावोंगा म्हणाली.

सरांनी थराची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी घंटा झाली नाही. तावोंगा खाली बसली.

"सर, वेझी माझ्यामुळे गेली?"

"ते सांगता येणार नाही. ती सरोवराचंही पाणी प्यायली असेल. आपण पाणी तपासलंच नव्हतं."

"मग बोलायचं कशाला?" सुझ्गो रडत म्हणाली. "गप्प राहू या ना. कोणाला कळणार आहे?"

"गावात चार ड्रम आहेत," तावोंगा म्हणाली. "ईस्टरला पाहुणे येतील म्हणून सगळे ते घासतील. आपलंच बघून."

तिने वहीतले ते पान फाडले. नवे लिहिले आणि आधी स्वयंपाकघरात नेले. वेझीची आई सुकी मासळी निवडत होती. तावोंगाने उभ्यानेच वाचले : मी थर धुऊन टाकला. तो का लागतो हे मी लिहून घेतले नव्हते. त्यानंतरचे पाणी वेझी प्यायली.

बाईंचे हात थांबले.

"माझ्यासमोर उभी राहू नकोस," त्या म्हणाल्या. "त्या चार घरी जा. हेच वाच. आणि माझ्या पोरीचं नाव गाळू नकोस."

तावोंगा निघाली. पहिल्या घरातल्या शिव्या मला इथवर ऐकू आल्या. तिसऱ्या घरी ड्रम आडवा पडला होता आणि वाळू अंगणात उपसलेली होती. तिथे नवा थर धरेपर्यंत तिने तीन आठवडे रोज जाऊन पाणी उकळून दिले.

माझा थर पुन्हा धरला आहे. पण माझे पाणी कोणी पीत नाही. तावोंगा मात्र रोज एक बादली माझ्यात ओतते, कारण कोरडा पडलो तर ते जीव मरतील.

मित्रांनो, मला जपा एवढेच मागणे पुरेसे नाही. जपूनच तर त्यांनी मला धुतले होते. तुम्ही हाताने काही बनवाल, तेव्हा ते कशामुळे चालते हे विचारा आणि वहीत लिहा. घंटा झाली तरी दोन मिनिटे बसा.