सुवाच्या कपाटातला खेकडा

मी एक कॅलिपर आहे. माणसांची डोकी मोजणं हा माझा धंदा. दोन वाकडे पोलादी पाय आणि मध्ये आकड्यांची पट्टी. फिजीतल्या सुवा शहराच्या विद्यापीठातली पोरं मला खेकडा म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही.

माझे पहिले धनी एक गोरे प्राध्यापक होते. मानववंशशास्त्रातले मोठे विद्वान, पण भारी घाईचे. एका बेटावर त्यांनी विचारलं ना पुसलं, मला थेट गावप्रमुखाच्या डोक्याला लावलं. आमच्या फिजीत प्रमुखाच्या डोक्याला घरचं माणूससुद्धा हात लावत नाही. गावानं चकार शब्द काढला नाही. फक्त त्या संध्याकाळी, पाहुण्याला मानानं देतात ती यांगोना पेयाची वाटी साहेबांपुढे आलीच नाही. साहेबांनी वहीत लिहिलं, 'इथले लोक अबोल आहेत.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे मी त्यांच्या विद्यार्थिनीकडे, वासिती मॅडमकडे आलो. त्या इथल्याच. शरीरही शिकवायच्या आणि चालीरीतीही. "हाडं वाचायची तर घरात काय शिजतं तेही बघा," असं वर्गात बजावायच्या. तारोचे कंद सुटून पाकिटातलं खाणं आल्यावर मुलांची वाढ कशी बदलते, हे त्यांना शोधायचं होतं. ताडून पाहायला जुनी मापं होती ती नेमकी त्याच गावची.

तिथे आता त्या प्रमुखाचे चिरंजीव, म्हातारे इलाइतिया, प्रमुख होते. पेटी उघडताच त्यांनी मला ओळखलं.

"हा माझ्या बापाच्या डोक्यावर बसला होता. पोरांना हात लावायचा नाही."

मॅडमचं सगळं काम तिथेच अडलं. पण त्यांनी वाद घातला नाही. महिन्याभरानं देवमाशाचा दात घेऊन परत आल्या. आमच्याकडे माफी अशीच मागतात. चटईवर बसून त्यांनी तो दोन्ही हातांनी पुढे धरला.

"चूक माझ्या गुरुजींची, आजोबा. पण खेकडा माझ्या पेटीत आहे, तेव्हा माफी मीच मागायची."

इलाइतियांनी दात घेतला. मग मला उचललं. "मग आधी तुझं डोकं मोजू दे."

"मोजा की," म्हणत मॅडम वाकल्या. म्हाताऱ्यानं मला उलटंच धरलं.

"आजोबा, नारळ नव्हे तो, जरा हळू," मागून एक बाई म्हणाली, आणि सगळे हसले. वहीत पहिलं नाव मॅडमचं लागलं. त्या संध्याकाळी यांगोनाची पहिली वाटी त्यांनाच मिळाली.

पंचवीस वर्षं आम्ही दरसाल तिथे जात होतो. यंदा मॅडम निवृत्त झाल्या. माझा स्क्रू सैल झालाय, आकडे पुसट झालेत. मोडीत निघालो असंच मी धरून चाललो होतो.

काल नव्या बाईंनी कपाट उघडलं. मेरेओनी, इलाइतियांची नात. चार वर्षांची असताना मला पाहून रडून गोंधळ घातला होता हिनं. तिनं मला तेल दिलं, वर्गात नेलं, पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हाती दिलं आणि स्वतः डोकं वाकवून उभी राहिली.

मुलगी गांगरली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, लावू का?"

मला मोडीत काढू नका. अजून माप चुकत नाही माझं. फक्त उचलाल तेव्हा आधी एवढं विचारा.